शर्यत रविवारी, कस लागतो शुक्रवारी

मोटोजीपीची मुख्य शर्यत जेमतेम चाळीस मिनिटांची. टीमची घालमेल मात्र शुक्रवारीच सुरू होते. त्या दुपारच्या सरावात जे पहिले दहा येतात, ते शनिवारी थेट क्यू-टूमध्ये. बाकीच्यांनी क्यू-वनमध्ये झगडायचं. तिथून दोघंच पुढे जातात. म्हणजे शुक्रवारी टायर किंवा सस्पेन्शनचा अंदाज चुकला, की मागच्या रांगेतून सुटायची पाळी.

2023 पासून शनिवारी अर्ध्या अंतराची स्प्रिंटही असते. ती जिंकली तर 12 गुण, रविवारची जिंकली तर 25. गंमत अशी, की दोन्हींसाठी सुटायची जागा एकच: क्वालिफाइंगमध्ये कमावलेली.

याचं मोल सप्टेंबर 2023 मध्ये आपल्याकडेच, ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर दिसलं. मार्को बेझेकी पहिल्या जागेवरून सुटला, पण स्प्रिंटच्या पहिल्याच वळणावर त्याच्याच टीममधल्या लुका मारिनीची धडक बसली. पार मागे फेकला गेला, तरी पाचवा आला. रविवारी जागा तीच, पहिली! उकाड्यामुळे 24 ऐवजी 21 फेऱ्यांची केलेली शर्यत त्यानं जिंकलीच.

शनिवार हातचा गेला, तरी क्वालिफाइंगची कमाई रविवारी कामी आली.