विश्लेषण : न्यूयॉर्कच्या ‘टिन पॅन ॲली’चा वारसा वादात का सापडला?

मॅनहॅटनमधील वेस्ट २८ व्या रस्त्यावरील पाच जुन्या इमारतींना न्यूयॉर्क शहराने डिसेंबर २०१९ मध्ये वारसा दर्जा दिला. अमेरिकी लोकप्रिय गाण्यांचा व्यवसाय येथेच बहरला. मात्र यातील काही गाण्यांत कृष्णवर्णीयांची हेटाळणी होती. मग हा वारसा जपायचा का?

टिन पॅन ॲली म्हणजे काय?

१८९० च्या दशकात संगीत प्रकाशकांनी या रस्त्यावर कार्यालये थाटली. उघड्या खिडक्यांमधून एकाच वेळी अनेक पियानो ऐकू येत. तो गोंगाट पत्र्याची भांडी बडवल्यासारखा वाटे, म्हणून हे नाव पडले असे सांगतात.

व्यवसाय कसा चालत असे?

तेव्हा रेडिओ नव्हता, ध्वनिमुद्रिकाही घरोघरी पोहोचल्या नव्हत्या. लोक गाण्याची छापील स्वरलिपी विकत घेत आणि घरच्या पियानोवर वाजवत. चार्ल्स हॅरिस यांच्या ‘आफ्टर द बॉल’ (१८९२) या गाण्याच्या लाखो प्रती खपल्या. नवे गाणे ग्राहकांना वाजवून दाखवण्यासाठी प्रकाशक पगारी वादक ठेवत. पुढे विख्यात झालेले संगीतकार जॉर्ज गर्श्विन यांची सुरुवात अशाच नोकरीतून झाली.

गीतकारांना काय मिळाले?

त्याआधीच्या पिढीला फारच कमी. ‘ओ सुझाना’ लिहिणारे स्टीफन फॉस्टर १८६४ मध्ये वयाच्या ३७ व्या वर्षी वारले, तेव्हा त्यांच्या पाकिटात ३८ सेंट होते. १९०९ च्या कायद्याने यांत्रिक ध्वनिमुद्रणाच्या प्रत्येक प्रतीमागे दोन सेंट मानधन ठरले. १९१४ मध्ये गीतकार, संगीतकार आणि प्रकाशकांची ‘ॲस्कॅप’ ही संघटना स्थापन झाली. उपाहारगृहात गाण्यासाठी वेगळे तिकीट नसले, तरी मालकाने गाण्याचे पैसे द्यायला हवेत, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९१७ मध्ये दिला. आजच्या रॉयल्टी व्यवस्थेचा पाया तिथे घातला गेला.

आक्षेप कशावर?

कृष्णवर्णीयांना हास्यास्पद ठरवणारी गाणी त्या काळी धडाक्याने खपत. त्यांच्या मुखपृष्ठांवरील चित्रेही अपमानकारक असत. इमारतमालकाच्या बाजूने याच मुद्द्यावर वारसा दर्जाला विरोध झाला.

मग दर्जा का दिला?

कारण याच रस्त्याने दुसरी बाजूही पाहिली. येथे ज्यू स्थलांतरितांना आणि कृष्णवर्णीय कलावंतांना संधी मिळाली. ‘गॉथम-ॲटक्स’ ही कृष्णवर्णीयांच्या मालकीची प्रकाशन संस्था याच रस्त्यावर होती. इमारती पाडल्या असत्या, तर अपमानाच्या खुणांबरोबर त्या अपमानाला मिळालेल्या उत्तराच्या खुणाही पुसल्या गेल्या असत्या. आता वारसा आयोगाच्या परवानगीशिवाय त्या पाडता येणार नाहीत. वारसा जपणे म्हणजे त्यातले सगळेच मिरवणे नव्हे. गाणी कोणी लिहिली, पैसा कोणी कमावला आणि टिंगल कोणाची झाली, हे एकत्र सांगणे म्हणजेच तो वारसा प्रामाणिकपणे जपणे.