रंगांची यादी म्हणजे शैलीपुस्तिका नव्हे

संकेतस्थळाची स्टाइलशीट (रंग-फॉन्टचे नियम असलेली फाईल) एखाद्या साधनात टाकली, बटण दाबलं, की शैलीपुस्तिका तयार, हा समज फार पसरलेला आहे. प्रत्यक्षात हाती येते ती फक्त यादी: फाईलमध्ये कोणते रंग, कोणते फॉन्ट आणि अक्षरांचे किती आकार आहेत. दोन-तीन जणांच्या हाताखालून गेलेल्या संकेतस्थळाची अशी यादी काढून बघा. एक हिरवा (लाल, हिरव्या, निळ्याच्या मात्रा १०, ९२, ५४), दुसरा (११, ९३, ५५). डोळ्यांना फरक कळत नाही, पण यादीत ते दोन वेगळे रंग. त्यातला कोणता ठेवायचा आणि तो कुठे वापरायचा, हे माणसांनी बसून ठरवायचं असतं. पुस्तिका त्या निर्णयांची होते.

‘जो रंग जास्त वेळा येतो तोच मुख्य’ हेही खरं नाही. मोजणी फाईलमधल्या नियमांची होते, पडद्यावर व्यापलेल्या जागेची नाही. बूटस्ट्रॅपसारखी तयार लायब्ररी जोडलेली असेल, तर पानावर कुठेही न दिसणारे तिचे रंगही मोजले जातात. क्रोम ब्राउझरच्या डेव्हलपर साधनांतल्या ‘कव्हरेज’मध्ये न वापरलेले नियम दिसतात, मात्र मेनू उघडून, फॉर्म भरून, सगळी पानं फिरल्याशिवाय काही पुसू नये.

सर्वांत घातक समज म्हणजे ‘इतकी वर्षं चाललंय, म्हणजे बरोबरच असणार’. उदाहरणार्थ, परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ हवामानावर आधारित कृषी सल्ला देतं. असा मजकूर भर उन्हात, बांधावर उभं राहून मोबाईलवर वाचला जातो. पांढऱ्यावर करडा (१५३, १५३, १५३) ठेवला, तर रंगविरोधाचं (कॉन्ट्रास्ट) गुणोत्तर जेमतेम २.८५ भरतं. सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार साध्या मजकुराला किमान ४.५ हवं. तोच करडा (११८, ११८, ११८) केला की ४.५४ मिळतं. जुन्या फाईलमधला फिका करडा पुस्तिकेत जसाच्या तसा उतरवणं म्हणजे चुकीला नियम बनवणं.

शासकीय संकेतस्थळांची शिस्त प्रत्येक जिल्हा नव्याने बसवतो, असंही नाही. परभणी जिल्ह्याचं संकेतस्थळ राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या ‘एस-थ्री-वास’ या सामाईक व्यवस्थेवर आहे. केंद्र सरकारनेही फेब्रुवारी २०२५ मध्ये आपल्या संकेतस्थळांसाठी रंग-फॉन्टची सामाईक नियमावली आणली. खासगी शाळा, दुकान किंवा संस्थेला मात्र आपली पुस्तिका आपणच करावी लागते.

ती करताना इंग्रजीसाठी ठरवलेली मापं मराठीला चालतील असं धरू नका. अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते. ओळींमधलं अंतर कमी ठेवलं, तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराला भिडू शकतो. म्हणून पुस्तिकेतला नमुना मजकूर मराठीच घ्या आणि त्यात ‘पूर्णा’ हे परभणी जिल्ह्यातल्या तालुक्याचं नाव दोन ओळींत असं लिहून तपासा, की वरच्या ओळीतला ‘पू’ खालच्या ओळीतल्या ‘र्णा’वर येईल: त्या नावात ऊकारही आहे, रफारही.