बेटावर वसलेली गावे

मुंबई हे बेट आहे, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. गाडी थेट जाते, मोटार थेट जाते. मग बेट कसले? पण पूर्वी तिथे एक नव्हे, सात बेटे होती. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम. भरतीचे पाणी त्यांच्या मधून शिरे. लोकांनी बांध घातले, भराव टाकले आणि सातांचे एक झाले. तिथले जुने रहिवासी म्हणजे कोळी, आगरी, भंडारी.

मग बाहेरची माणसे आली. पोटासाठी आली. १८५४ साली कावसजी दावर या पारशी गृहस्थाने कापसाच्या गिरणीची कंपनी काढली. दोन वर्षांनी ताडदेवला तिचे काम सुरू झाले. पुढे परळ, लालबाग, वरळी, दादर या भागात गिरण्याच गिरण्या झाल्या. त्या भागाला लोक गिरणगाव म्हणू लागले. कोकणात शेत थोडे, घाटावर पावसाचा भरवसा नाही. रत्नागिरीकडचा माणूस आगबोटीने आला. साताऱ्याचा, कोल्हापूरचा, पुण्याकडचा माणूस घाट उतरून आला. येताना त्याच्याजवळ एक वळकटी आणि गावच्या चालीरीती, एवढेच होते. पण त्यातूनच त्याने त्या बेटाचा चेहरा बदलला.

पहिला प्रश्न राहण्याचा. चाळीतल्या एका खोलीचे भाडे एकट्याला झेपत नसे. म्हणून एका गावचे वीस-पंचवीस जण मिळून एक खोली घेत. तिला गावकीची खोली म्हणत. दिवसपाळीवाले कामाला गेले की रातपाळीवाले त्यांच्याच जागी पथारी टाकायचे. प्रत्येकाची एक ट्रंक आणि कपड्यांना एक खुंटी. भिंतीवर ग्रामदेवतेची तसबीर. दर महिन्याला वर्गणी, आणि तिचा हिशेब वहीत. नवीन पोरगा गावाहून आला की थेट या खोलीत उतरायचा. नोकरी लागेपर्यंत त्याला कुणी भाडे मागत नसे. भांडण झाले तर बैठकही तिथेच बसे. गोव्याच्या लोकांच्याही अशाच खोल्या धोबीतलावाला होत्या. त्यांना कूड म्हणतात. तिथे तसबिरीच्या जागी गावच्या संताची वेदी असे.

जेवायला खानावळ. गिरणगावातल्या कितीतरी बायांनी आपल्या घरातच चूल मांडून परगावच्या भावांना जेवू घातले. महिन्याचा हिशेब पगाराच्या दिवशी व्हायचा. मालवणी आमटी, सुक्या मासळीचे कालवण, घाटावरची भाकरी आणि झुणका एकाच चाळीत शिजू लागले. या बायांच्या कष्टांबद्दल फार थोडे लिहिले गेले आहे. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. त्यानंतर त्यांना बँकेचे कर्ज मिळू लागले.

पोट भरले, तरी माणसाला करमणूक लागते. कोकणच्या लोकांनी भजनाची डबलबारी आणली, दशावतार आणला. पायात चाळ बांधून गोल फिरत नाचायची जाखडी आणली. घाटावरच्यांनी तमाशा, लेझीम आणि कुस्तीची तालीम आणली. परळला सोशल सर्व्हिस लीग या संस्थेने १९२२ साली दामोदर नाट्यगृह बांधले. ही संस्था काढणारे ना. म. जोशी हे रायगड जिल्ह्यातल्या गोरेगावचे. दिवसभर साच्यावर राबणारा कामगार रात्री त्या रंगभूमीवर राजा होऊन उभा राहिला. आणि एक गंमत सांगतो. गोव्याचे नाटक, ज्याला तियात्र म्हणतात, ते पहिल्यांदा गोव्यात झालेच नाही. १८९२ साली मुंबईत झाले, मग गोव्याला गेले.

ही जाखडी तर आणखी लांब गेली. १८३४ नंतर मुंबई बंदरातून कोकणची काही माणसे मॉरिशस नावाच्या दूरच्या बेटावर उसाच्या मळ्यांत राबायला गेली. त्यांचे वंशज आजही हा नाच करतात. ते त्याला झाकरी म्हणतात. गणेशचतुर्थीला त्या देशात सरकारी सुट्टी असते.

मुंबईत गणपती घरोघर होताच. १८९३ साली गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत तो सार्वजनिक झाला. लालबागला १९३२ साली पेरू चाळीचा बाजार बंद झाला, तेव्हा मासळी विकणाऱ्यांनी आणि इतर विक्रेत्यांनी नवस केला. जागा मिळाली आणि १९३४ पासून तिथे गणपती बसू लागला. तोच लालबागचा राजा.

सातारकडच्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे वडिलांबरोबर पायी चालत मुंबईला आले. गिरणीत राबले. १९४४ साली त्यांनी अमर शेख आणि गवाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक काढले. गावाकडचा तमाशाच त्यांनी कामगारांच्या सुखदुःखाचा केला. गावी राहिलेल्या बायकोची आठवण काढणारी त्यांची छक्कड ऐकताना गिरणगावातली माणसे गहिवरत. कारण बहुतेकांची तीच गत होती. बाई गावी शेत करायची, म्हाताऱ्यांना सांभाळायची. महिन्याला मनीऑर्डर यायची. पत्र यायचे, ते खोलीतल्या कुणा शिकलेल्याने लिहिलेले. गावात ते मास्तर किंवा पोस्टमन वाचून दाखवायचा. नवऱ्याला मनातले सांगायचे, तर आधी दोन परक्यांना सांगावे लागे. आमच्या मते या साऱ्या हकिकतीत सर्वांत जड ओझे त्या बाईने वाहिले.

मुंबईने घेतले तसे परतही दिले. कोकणातल्या किंवा साताऱ्याकडच्या एखाद्या गावात शाळेच्या, देवळाच्या भिंतीवरची पाटी आता तुम्ही स्वतः वाचा. 'ग्रामस्थ मंडळ, मुंबई' असे शब्द तिथे पुष्कळदा सापडतील. ती गावकीच्या खोलीतली वर्गणी.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या पुढारीपणाखाली अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संप मोडला. मग एकेक गिरणी बंद होत गेली. त्या जमिनींवर उंच इमारती उठल्या. माणसे विरार, डोंबिवली, बदलापूरकडे पांगली. काही गावी परतली. गणपतीत मात्र लालबाग-परळच्या जुन्या चाळीत ती अजून जमतात.

गावकीच्या काही खोल्या अजून आहेत. पण चाळी पाडून नव्या इमारती होत आहेत. खोलीची भाडेपावती पुष्कळदा एकाच माणसाच्या नावावर असते. तो माणूस वारला असेल, तर नवी जागा त्याच्या वारसांची की साऱ्या गावाची, असा वाद उभा राहतो. आपल्या गावची खोली मुंबईत असेल, तर मंडळाच्या पुढच्या बैठकीत भाडेपावती आणि वर्गणीची वही मागून घ्या. पावतीवर नाव कोणाचे आहे ते वाचा. मंडळाची नोंद धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत झाली आहे का, तेही विचारा. नसेल, तर चाळ पाडण्याची नोटीस येण्याआधी ती करून घ्यावी.