आगीची सावड

"शनिवारी माळाला मुद्दाम आग लावणार आहेत. बघायला येतेस का गं आई?" असं लेकीनं विचारलं, तेव्हा मी आधी तिच्या तोंडाकडेच पाहिलं. माझी लेक अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात, स्टिलवॉटर गावी असते. २०२४ च्या जानेवारीत मी तिच्याकडे गेले होते. तिच्या एका सहकाऱ्याच्या सासऱ्यांची तिथून तासाभरावर गुरांची रँच आहे. तिथले शेजारीपाजारी मिळून दोनेकशे एकर गवत पेटवणार होते.

"मला नको बाई आग बघायला," मी म्हटलं. ते का, हे आधी सांगायला हवं.

आमचं मूळ गाव राजापूर तालुक्यात. मी आठवीत असतानाची गोष्ट. शेजारच्या काकांच्या शेतात भाजावळ चालली होती. भाताचं रोप करायच्या जागेवर शेण, पालापाचोळा पसरून ती जमीन भाजून घ्यायची, म्हणजे तणाचं बी मरतं. दरवर्षीचंच काम. पण त्या दुपारी खारा वारा अचानक जोरात सुटला आणि आग गडगा ओलांडून कातळावरच्या वाळक्या गवतात शिरली. आम्ही हंडे-कळश्या घेऊन धावलो. आंब्याचे टाळ तोडून झोडपलं. संध्याकाळपर्यंत अण्णांची चाळीस कलमं गेली होती; त्याच वर्षी त्यांना पहिला मोहोर आला होता. त्यानंतर अण्णा आणि काका एकमेकांशी कधीच बोलले नाहीत. अण्णा गेले तेव्हा काका अंगणाबाहेर उभे राहिले आणि तसेच परतले. वणवा एका दुपारचा, पण आमच्या घरात तो तीस वर्षं धुमसत होता.

तरीही शनिवारी गेले. लेकीच्या आग्रहापुढं आपलं काय चालतं?

रँचच्या अंगणात पंधराएक माणसं जमली होती. सुती कपडे, चामडी बूट, हातमोजे. त्यांत एक शाळेतल्या बाई होत्या, दोन कॉलेजकुमार होते आणि सत्तरी ओलांडलेल्या एक आजी होत्या. त्यांच्याकडं पाण्याच्या टाकीची गाडी! सगळे आसपासचे जमीनवाले. कुणी पगारी नव्हतं. आज याच्या रानात, पुढच्या आठवड्यात तिच्या. मला एकदम आपली सावड आठवली. आज तुझी लावणी, उद्या माझी. घाटावर इर्जिक म्हणतात ती हीच. फक्त इथं सावड होती ती आगीची.

पण जाळायचं कशाला? तिथला उंच गवताचा माळ आगीवरच वाढलेला आहे. ओसेजसारखे मूळचे लोक तो जाळत असत, विजाही पेटवत. पुढं वसाहती आल्या, कुंपणं आली, आगी थांबल्या. मग ईस्टर्न रेड सीडर नावाचं झाड बोकाळलं. नावात सीडर असलं तरी ते जातीनं ज्युनिपर. १९३० च्या दशकात धुळीच्या वादळांनी हा मुलुख पोळला, तेव्हा वारा अडवायला सरकारनं कोट्यवधी झाडं लावली, त्यांतही ते होतं. पाखरांनी बी पसरवलं. आता माळच्या माळ त्याखाली गेले, गवत खुरटलं, गुरांचा चारा आटला. शिवाय त्याच्या पानांत तेल असतं. उन्हाळी वणव्यात ते मशालीसारखं भडकतं आणि ठिणग्या दूरवर उडवतं. मात्र एकदा जळलं की बुंध्यापासून पुन्हा फुटत नाही. म्हणजे लहान असताना दर तीन-चार वर्षांनी आगीखालून गेलं, तर संपलं.

हे तिथल्या शेतकऱ्याला कळत नव्हतं असं नाही. एकट्याला धीर होत नव्हता. माणसं कमी, अवजारं महाग, आणि आग बांध ओलांडून गेली तर कोर्टकचेरी. म्हणून संघटना आल्या. टेक्सासमध्ये एडवर्ड्‌स पठारावर १९९७ साली अशी एक संघटना निघाली. ओक्लाहोमात, नेब्रास्कात ठिकठिकाणी झाल्या. कॅलिफोर्नियातल्या हम्बोल्ट जिल्ह्यात २०१८ साली सुरू झाली. काम साधंच: वर्गणी काढून अवजारं सामाईक घ्यायची, नवशिक्यांना शिकवायचं आणि एकमेकांच्या रानात राबायचं. कॅलिफोर्नियानं तर २०२१ साली कायदाच बदलला. रीतसर, काळजीनं जाळणाऱ्याकडून आग विझवण्याचा सरकारी खर्च आता वसूल करत नाहीत. ढळढळीत बेपर्वाई असेल तर गोष्ट वेगळी.

सासरेबुवांनी नकाशा गाडीच्या बॉनेटवर पसरला. वारा कुठून, कोण कुठं उभं राहणार, पाणी कुठं. सीमेलगतच्या शेजाऱ्यांना आधीच कळवलं होतं (तिथं ते कायद्यानंच बंधनकारक आहे). अग्निशमन केंद्राला फोन झाला. पहिल्या पट्ट्यासाठी त्यांचा ठोकताळा असा: हवा साठ अंश फॅरनहाइटच्या आत, म्हणजे आपल्या मोजणीनं पंधरा-सोळा, दमटपणा चाळीस टक्क्यांच्या वर, वारा एकाच दिशेचा, ताशी आठ ते चोवीस किलोमीटर. यातलं एक जरी बिघडलं तरी चहा पिऊन घरी जायचं. "गेल्या खेपेला दोनदा परत गेलो," आजी म्हणाल्या. हे मला फार आवडलं. आपल्याकडं 'आज मुहूर्त काढलाय ना, मग उरका' अशी वृत्ती असते.

मी धीर करून विचारलं, "आणि गेलीच हाताबाहेर तर?"

कुणी हसलं नाही. सासरेबुवा म्हणाले, "जाते कधीकधी." २०२२ साली न्यू मेक्सिकोत सरकारी वनखात्यानंच लावलेल्या आगी निसटल्या, एकत्र झाल्या आणि तीन लाख एकरांवर रान नि शेकडो घरं घेऊन गेल्या. तिथं बसलेल्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं. म्हणून तर नकाशा तीनदा वाचला गेला. शेवटची सूचना अशी: पळायची वेळ आली तर जळून काळ्या झालेल्या जागेत पळा. काळ्याला आग पुन्हा धरत नाही.

मग किटलीसारखं भांडं घेऊन एकजण निघाला. वाकड्या नळीतून डिझेल-पेट्रोलचे पेटते थेंब गळत होते. आधी वाऱ्याच्या खालच्या अंगाला पेटवलं. वाऱ्याच्या उलट ती आग गोगलगायीसारखी सरकते. मागं पाण्याच्या गाड्या, हातात झोडपण्या. तासाभरानं तिथं रुंद काळा पट्टा झाला. मग दोन्ही बाजू. अगदी शेवटी वाऱ्याच्या वरच्या अंगाला काडी लागली, आणि आग गर्जत धावली. सीडरची पोरसवदा झाडं फटाफट पेटली. माझे पाय गार पडले. मी आठवीतली झाले. ती थेट काळ्या पट्ट्यावर आदळली आणि बसली. दुसरा शब्द नाही, बसलीच.

कुंपणापलीकडं शेजारी उभा होता, फावडं घेऊन. रान त्याचं नव्हतं. उडून येणाऱ्या ठिणग्या बघत होता. मी आग सोडून त्याच्याकडेच बघत राहिले.

पुढच्याच महिन्यात, २६ फेब्रुवारीला टेक्सासमध्ये विजेच्या खांबावरून भडकलेल्या वणव्यानं दहा लाखांहून अधिक एकर जाळले. पुढं १४ मार्च २०२५ ला ओक्लाहोमात वादळी वाऱ्यात वणवे लागले, स्टिलवॉटरमध्येही घरं गेली. लेक बचावली, रात्रभर फोनवर होतो. तसल्या वाऱ्यापुढं जाळून ठेवलेला माळही पुरता पुरत नाही, हेही तिनंच सांगितलं. पण त्या शनिवारचे लोक पुढच्या हंगामात पुन्हा जमले.

आता आपण लगेच सह्याद्रीला काडी लावायची, असं कुणी समजू नये. तिथला माळ वेगळा, आपली रानं नि काजू-आंब्याच्या बागा वेगळ्या. आपल्याकडं आग लागणं हेच दुखणं आहे. पण वनखातं जाळरेषा काढतं ती याच हिशेबानं, आणि बागांच्या सीमेवरचं गवत मात्र ज्यानं त्यानं, जमलं तर, असंच चालतं.

यंदा जानेवारीत गावी गेले तेव्हा काकांच्या मुलाच्या अंगणात गेले. पन्नास वर्षांत पहिल्यांदा. तो गोंधळून उभा राहिला, मग आत ओरडला, "अगो, पाणी आण! शेजारची ताई आलीय." मी म्हटलं, "गडग्याच्या दोन्ही बाजूंचं गवत एकाच दिवशी काढूया का? आणि भाजावळीला मला बोलव. मी हंडा घेऊन उभी राहीन."

तो म्हणाला, "ताई, वारा बघून ठरवूया."