पाट सुटला, पाणी पोचलं का?

आमच्या सावली तालुक्यात आसोलामेंढा तलावाचा पाट सुटला म्हणून लगेच कुणी रोवणीला उतरत नाही. पाणी आपल्या बांधीत यावं लागतं. वीज गेल्यावर पुन्हा सुरू होणाऱ्या सर्व्हरला मात्र हा फरक शिकवावा लागतो.

जुन्या लिनक्समध्ये सेवांना क्रमांक असत; दहाची आधी, विसाची नंतर. 2010 साली लेनार्ट पोटरिंग आणि के सीव्हर्स यांनी ‘सिस्टमडी’ ही प्रणाली आणली. ती जमतील तेवढ्या सेवा एकदमच उठवते. म्हणून नातं लिहून द्यावं लागतं. ‘आफ्टर’ म्हणजे नुसता क्रम, ‘वॉन्ट्स’ म्हणजे त्यालाही उठव. बहुतेकदा दोन्ही लागतात, लोक एकच लिहितात. (शब्दांचा काटेकोरपणा हे आम्हा कवींचं काम, म्हणून मला यात रस.)

‘नेटवर्क टार्गेट’ म्हणजे जाळं सांभाळणारी यंत्रणा सुरू झाली, एवढंच. हा नुसता पाट सुटला. जोडणी झाल्याचं सांगतं ते ‘नेटवर्क-ऑनलाइन टार्गेट’.

समजा, नोंदींचं फोल्डर दुसऱ्या यंत्रावर आहे. ते जोडलं जाण्याआधीच सेवा उठली, तर ती त्याच जागच्या रिकाम्या फोल्डरात लिहीत बसते. मागाहून जोडणी झाली की त्या नोंदी खाली झाकल्या जातात. दाखल्यासाठी दहा कोस आलेल्या माणसाला ‘नोंद नाही’ ऐकावं लागतं! त्यासाठी ‘रिक्वायर्स-माउंट्स-फॉर’ लिहितात. मग जोडणी होईस्तोवर सेवा उठतच नाही.

तरी पलीकडचं यंत्र जागं असेलच असं नाही. वीज दोघांकडे एकदमच आलेली असते. म्हणून सेवेनंच थोडं थांबून पुन्हा हाक मारावी, अशी ती लिहिलेली बरी.