एक मिलिमीटर म्हणजे दहा लाख लिटर

पावसाळ्यात रोज सकाळी पेपरात कुलाबा आणि सांताक्रूझ या दोन नावांपुढे मिलिमीटरचे आकडे छापून येतात आणि आपण चहाच्या घोटाबरोबर ते गिळून पुढच्या पानावर जातो. मिलिमीटर हे माप तसं फसवंच. पट्टीवरची सगळ्यात बारीक रेघ, तिला कोण घाबरणार? पण एक चौरस किलोमीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर तिथे दहा लाख लिटर पाणी आलेलं असतं. दहा हजार लिटरचे शंभर टँकर. एवढा एक हिशेब लक्षात ठेवला, तर मुंबईचं तुंबणं बऱ्यापैकी उलगडतं.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मि.मी. पाऊस झाला. चौरस किलोमीटरमागे ९४ कोटी लिटरहून जास्त. महापालिका साऱ्या मुंबईला दिवसाला साधारण ३८५ कोटी लिटर पाणी पुरवते. त्या दिवशीच्या दराने एवढं पाणी जेमतेम चार चौरस किलोमीटरवर पडलं. सांताक्रूझच्या विमानतळाचं आवारसुद्धा याहून मोठं आहे! मुंबईच्या एका दिवसाच्या नळाचं पाणी एका विमानतळाच्या अर्ध्याअधिक जागेवर, तेही वरून.

आणि त्याच दिवशी कुलाब्याला किती? ७३ मि.मी. दोन वेधशाळांत अंतर पंचवीसेक किलोमीटरचं. दक्षिण मुंबईतल्या कचेऱ्यांत बसलेल्यांना उपनगरांत काय चाललंय याचा पत्ताच नव्हता, आणि शेकडो माणसं गेली. माधवराव चितळे यांच्या सत्यशोधन समितीने २००६च्या अहवालात यावर बोट ठेवलं : शहराला आधी स्वतःचा पाऊस मोजता यायला हवा. त्यानंतर पालिकेने अग्निशमन केंद्रांवर ३५ स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले. दर पंधरा मिनिटांनी आकडा. २०२०पर्यंत पालिका, हवामान खातं आणि पुण्याची उष्णदेशीय हवामान संस्था यांचं मिळून १६५ मापकांचं जाळं झालं. कुलाब्याच्या रडारच्या जोडीला वेरावलीचं डॉप्लर रडार २०२२मध्ये आलं. २०२० साली सुरू झालेली ‘आयफ्लोज’ ही पूरइशारा यंत्रणा पाऊस, भरती आणि जमिनीचे चढउतार यांची सांगड घालून पाणी कुठे साचू शकेल याचा अंदाज देते. मोजण्याच्या बाबतीत सरकारने खरंच मजल मारली, हे मान्य करायला हवं.

उपसण्याचं गणित मात्र जड आहे.

ब्रिटिशांच्या काळापासूनच्या गटारांचा हिशेब होता ताशी २५ मि.मी. पावसाचा, तोही ओहोटी असताना. शिवाय त्यात एक गोड समजूत होती : निम्मं पाणी जमिनीत मुरेल. ‘ब्रिमस्टोवॅड’ म्हणून ओळखला जाणारा पर्जन्यजलवाहिन्यांचा अहवाल १९९३मध्ये आला, त्यात ताशी ५० मि.मी. धरले आणि मुरण्याचा भाग शून्य केला. वरवर पाहता क्षमता दुप्पट. प्रत्यक्षात नाल्याने वाहून न्यायचं पाणी ताशी साडेबारा मिलिमीटरवरून पन्नासवर गेलं, म्हणजे चौपट! मुंबईची जमीन आता पाणी पीत नाही, हे एका सरकारी कागदाने किती कोरडेपणाने कबूल केलं पाहा. बरं, २६ जुलैला सर्वांत वाईट तासात सांताक्रूझला १९० मि.मी. पडला होता. अहवाल तेव्हा पूर्ण अमलात आलेला असता तरी त्या तासापुढे तो अपुराच पडला असता.

त्यात समुद्र. मुंबईचं पावसाचं पाणी समुद्रात वा खाडीत सोडणारी १८६ मुखं चितळे समितीच्या हिशेबात होती. त्यांतली ४५ समुद्राच्या सरासरी पातळीच्याही खाली आणि १३५ भरतीच्या पातळीखाली. भरतीच्या वर उरली अवघी सहा. साडेचार मीटरची भरती आली की पाणी बाहेर जायचं सोडून आत येऊ पाहतं. म्हणून मुखाशी दरवाजे, आणि दरवाजे बंद असताना शहरातलं पाणी उचलून पलीकडे फेकायला पंप. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, गझदरबंध अशा सहा केंद्रांत मिळून ४३ पंप आहेत. प्रत्येक पंप सेकंदाला सहा हजार लिटर उपसतो. दोन सेकंदांत एक टँकर रिकामा करून वर आणखी दोन हजार लिटर. अर्थात पंपाच्या तोंडाशी असलेल्या जाळीत प्लास्टिक, थर्माकोल आणि कुणाची तरी टाकून दिलेली गादी अडकलेली नसेल तर.

सगळे ४३ एकदम चालले तर तासाला जवळपास ९३ कोटी लिटर. आकडा ऐकून छाती फुगते. मग भागाकार करावा : ताशी ५० मि.मी.च्या दराने एवढं पाणी साडेअठरा चौरस किलोमीटरवर पडतं. मुंबई साडेचारशे चौरस किलोमीटरच्या आसपास पसरलेली आहे. बाकीच्या शहराची मदार नाले, उतार आणि ओहोटीच्या वेळेवर. आणि २६ जुलैच्या पावसातल्या एकाच चौरस किलोमीटरचं पाणी काढायला या साऱ्या पंपांना मिळून तासाभराहून थोडं जास्तच लागलं असतं.

पैशाचं म्हणाल तर पंधराव्या वित्त आयोगाने सात महानगरांच्या पूरनियंत्रणासाठी २,५०० कोटी रुपये ठेवले. मुंबईच्या वाट्याला ५०० कोटी.

पण ठरलेल्या आठ पंपकेंद्रांपैकी मोगरा आणि माहुल ही दोन २६ जुलैला वीस वर्षं होईतोवर उभी राहिली नाहीत. माहुलची गाडी मिठागराच्या जागेवर अडली. या केंद्राच्या भरवशावर किंग्ज सर्कल, गांधी मार्केट, शीव, चुनाभट्टी, कुर्ला हा सखल पट्टा आहे, जिथे दर जूनमध्ये पालिका भाड्याचे पंप आणून उभे करते.