भात थोडा कमी, उसळ थोडी जास्त

‘खात्यापित्या घरचा दिसतो हो!’ असं पाहुणे कौतुकाने म्हणतात. पण शाळेत त्यालाच ‘ढब्बू’ म्हणून चिडवतात, तो खेळायला जायचं टाळतो, तेव्हा आईचा जीव तुटतो. मग काही जणी भात-पोळी एकदम बंदच करतात. मैत्रिणींनो, असं मात्र करू नका. वाढतं वय आहे त्याचं. उपाशी ठेवायचं नाही, फक्त ताट बदलायचं.

आपल्या शाकाहारी घरांत सकाळी पोहे, डब्यात पोळी अन् बटाट्याची भाजी, रात्री भात. म्हणजे दिवसभर पिष्टमय पदार्थच! हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली सांगितलं, की दिवसाच्या उष्मांकांपैकी ४५ टक्क्यांपेक्षा जास्त धान्यातून नकोत.

म्हणून एक पोळी कमी, वाटीभर मटकीची उसळ जास्त. पोह्यांऐवजी कधी मुगाचं धिरडं. बटाट्याऐवजी गवार, दुधी, मेथी. सोबत काकडीची कोशिंबीर आणि ताक. मधल्या वेळी बिस्किटांऐवजी फुटाणे. ३०० मिलिलिटर कोल्ड्रिंकमध्ये सहा-सात चमचे साखर असते, ते घरात आणूच नका.

आणि हो, त्याचं ताट वेगळं वाढू नका. सगळ्यांनीच तसं खावं, आजोबांच्या ‘शुगर’लाही बरंच! रोज तासभर मैदानावर पाठवा. एकदा डॉक्टरांना दाखवा. वजन झपाट्याने उतरवायची घाई नको. बऱ्याचदा ते वाढू दिलं नाही, तरी उंचीबरोबर अंग जुळून येतं.

‘जाड्या’ हा शब्द मात्र घरात तरी कुणी उच्चारू नये.